रेकॉर्डरमधील जुन्या चॅनेल नोंदी : सरसकट रिसेट हा उपाय नव्हे

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत डिजिटल टीव्ही रेकॉर्डरच्या वापराविषयी नुकत्याच आलेल्या मजकुरात, एखादे चॅनेल दिसेनासे झाल्यास रेकॉर्डर रिसेट करावा आणि सर्व चॅनेल नव्याने शोधावेत, असा सल्ला एका वाक्यात दिला आहे. नुसत्या टीव्हीपुरता तो चालून जाईल. रेकॉर्डरच्या बाबतीत मात्र तो बहुतेक वेळा गरजेपेक्षा फार मोठा उपाय ठरतो आणि कधीकधी त्यातून मूळ बिघाडाहून मोठे नुकसान होते. लेखात या बाजूचा उल्लेख नसल्यामुळे हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

टीव्ही पाहणारा माणूस पडद्यासमोर बसलेला असतो. चॅनेल लागले नाही तर ते त्याला त्याच क्षणी कळते आणि तो दुसरीकडे वळतो. रेकॉर्डर मात्र माणूस समोर नसतानाच काम करतो, आणि म्हणून त्याच्या यादीतील जुनी नोंद, म्हणजे चॅनेल कोठे सापडते याची पूर्वी साठवलेली माहिती, कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. रोज ठरावीक वेळी, ठरावीक क्रमांकावरून रेकॉर्डिंग करण्याचा टायमर लावलेला असतो. चॅनेल हललेले असते, पण टायमर इमानेइतबारे जुन्याच ठिकाणी जाऊन थांबतो. काही रेकॉर्डर अशा वेळी शून्य मिनिटांची फाइल तयार करतात, काही फाइलच तयार करत नाहीत आणि इतिहासाच्या पानावर 'रेकॉर्डिंग अयशस्वी' एवढेच शब्द ठेवतात. सगळ्यांत फसवा प्रकार तिसरा असतो. प्रसारक चॅनेल हलवताना जुन्या जागी काही आठवडे 'हे चॅनेल आता नव्या ठिकाणी उपलब्ध आहे' अशी स्थिर पाटी दाखवतात. रेकॉर्डरच्या दृष्टीने तेथे सिग्नल आहे, चित्र आहे, आवाजाचा प्रवाहही आहे. त्यामुळे तो तासभर त्या पाटीचेच रेकॉर्डिंग करतो, यादीत कार्यक्रमाचे नाव आणि पूर्ण लांबी दाखवतो, आणि फाइल उघडेपर्यंत कोणालाही शंका येत नाही.

या नोंदीत नेमके काय साठवलेले असते, हे माहीत असेल तर दुरुस्तीही नेमकी करता येते. आपल्याला दिसते ते नाव आणि क्रमांक. पण नोंदीचा खरा ऐवज त्यामागे असतो. उपग्रहावरील चॅनेल असेल तर ट्रान्सपाँडरची (उपग्रहावरील प्रक्षेपण करणाऱ्या यंत्रणेची) फ्रिक्वेन्सी, ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा) हॉरिझॉन्टल आहे की व्हर्टिकल, सिम्बॉल रेट (माहिती पाठवण्याचा वेग) आणि मॉड्युलेशन (माहिती लहरींवर बसवण्याची पद्धत) या गोष्टी तेथे लिहिलेल्या असतात. त्यानंतर ओळखक्रमांक येतात : मूळ नेटवर्कचा, त्या ट्रान्सपाँडरवरील प्रवाहाचा आणि त्या प्रवाहातील विशिष्ट सेवेचा. एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनेल एकत्र बांधून पाठवलेले असतात आणि त्यांतील आपले कोणते, हे सेवेच्या क्रमांकावरून ठरते. सर्वांत आत चित्राचा, प्रत्येक भाषेतील आवाजाचा आणि टेलिटेक्स्ट किंवा सबटायटलचा वेगवेगळा पीआयडी, म्हणजे त्या घटकाच्या डेटा-पाकिटांचा ओळखक्रमांक, असतो. हा तेरा बिटांचा आकडा असल्याने त्याची मर्यादा ० ते ८१९१ अशी असते. चॅनेल बिऱ्हाड बदलते आणि आपल्या वहीतला पत्ता तसाच राहतो, असा हा मामला आहे. फरक इतकाच की येथे कधी नुसती खोली बदलते, कधी मजला, तर कधी अख्खी इमारत.

म्हणूनच लक्षणेही वेगवेगळी असतात. केवळ आवाजाचा पीआयडी बदलला असेल तर चित्र व्यवस्थित दिसते, पण आवाज येत नाही किंवा भलत्याच भाषेत येतो. सेवेचा क्रमांक बदलला असेल तर त्याच ट्रान्सपाँडरवरील बाकीचे चॅनेल उत्तम लागतात आणि नेमके आपलेच काळे पडते. फ्रिक्वेन्सी किंवा सिम्बॉल रेट बदलला असेल तर त्या गटातील सगळेच चॅनेल एकदम जातात. रेकॉर्डरच्या मेनूत सिग्नलची तीव्रता आणि गुणवत्ता दाखवणाऱ्या दोन पट्ट्या असतात. तक्रार करणाऱ्यांपैकी फार थोडे लोक त्या उघडून पाहतात, आणि दुरुस्तीच्या निम्म्या कामाचे उत्तर तेथेच मिळते. दोन्ही पट्ट्या भरलेल्या असूनही चित्र नसेल, तर डिश, केबल व अँटेना यांना हात लावण्याचे कारण नाही. नोंद शिळी झाली आहे, चॅनेल बंद झाले आहे किंवा ते ज्या पद्धतीने येते ती आपल्या यंत्राला उलगडत नाही. तीव्रता आहे पण गुणवत्ता शून्यावर आहे आणि हे एकाच ट्रान्सपाँडरपुरते आहे, तर बहुधा तेथील फ्रिक्वेन्सी किंवा सिम्बॉल रेट बदललेला असतो. सर्वच चॅनेलवर गुणवत्ता घसरली असेल, तर मात्र नोंदीत खुडबुड न करता आधी केबल आणि डिशची दिशा तपासावी. अशा वेळी घाईने सर्व चॅनेल नव्याने शोधले, तर कमकुवत सिग्नलमुळे निम्मे चॅनेल सापडतच नाहीत आणि होती ती चांगली यादीही हातची जाते.

आणखी एक खूण कार्यक्रम मार्गदर्शिकेत, म्हणजे ईपीजीमध्ये, सापडते. मार्गदर्शिकेतील माहिती नाव किंवा यादीतल्या क्रमांकावरून जुळवली जात नाही, ती वर सांगितलेल्या ओळखक्रमांकांवरून जुळते. त्यामुळे चॅनेल हलले की जुन्या नोंदीपुढील रकाना एक-दोन दिवसांत रिकामा होतो. यादी वरखाली करताना ज्या चॅनेलसमोर सतत 'माहिती उपलब्ध नाही' असे दिसते, ते आधी संशयित धरावे. काही प्रसारक मुळातच मार्गदर्शिका पाठवत नाहीत, हा अपवाद ध्यानात ठेवला म्हणजे झाले.

हे बदल कोणाच्या लहरीने होतात असे मात्र नाही. प्रसारणासाठी लागणाऱ्या लहरींचा पट्टा मर्यादित आहे आणि त्यावर हक्क सांगणारे वाढत आहेत. युरोपीय संघाने ६९४ ते ७९० मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल सेवेसाठी मोकळा करण्यास ३० जून २०२० ही मुदत ठरवली होती, आणि त्यापायी अनेक देशांत अँटेनावरून दिसणाऱ्या चॅनेलच्या फ्रिक्वेन्सी बदलाव्या लागल्या. दुसरे कारण खर्चाचे असते. एकच चॅनेल एसडी (साध्या स्पष्टतेचे) आणि एचडी (उच्च स्पष्टतेचे) अशा दोन रूपांत पाठवत राहणे महाग पडते, म्हणून एसडी बंद केले जाते. बीबीसीने २०२४ च्या आरंभी आणि जर्मनीच्या एआरडी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२५ च्या आरंभी उपग्रहावरील आपले एसडी प्रसारण थांबवले. अशा प्रसंगी ज्यांच्या यादीत एचडीची नोंद आधीपासून असते, त्यांना टीव्ही पाहताना काहीच अडत नाही. त्यांचे जुने टायमर मात्र बंद पडलेल्या एसडी नोंदीलाच बांधलेले राहतात. याखेरीज प्रसारक ट्रान्सपाँडरचे भाडे, मालकी आणि चॅनेलची नावे बदलत असतात, त्याची तर गणतीच नाही.

आता सरसकट रिसेट करण्याविषयी. रिसेटने यादी कोरी होते, फेव्हरिट गट (आवडत्या चॅनेलच्या वेगळ्या याद्या) जातात, वर्षानुवर्षे बोटांच्या सवयीचे झालेले क्रमांक बदलतात आणि लावलेले टायमर एक तर पुसले जातात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, जुन्या क्रमांकाला चिकटून राहतात. त्या क्रमांकावर आता दुसरेच चॅनेल आलेले असते, त्यामुळे रेकॉर्डिंग होते, पण भलत्याचे. काही यंत्रांत मूळ स्थितीत आणण्याच्या मेनूतच हार्ड डिस्क फॉरमॅट करण्याचा प्रश्न विचारला जातो आणि घाईत 'होय' दाबले की जपून ठेवलेली सर्व रेकॉर्डिंग जातात. नुसती चॅनेलची नोंद काढल्याने किंवा बदलल्याने मात्र झालेल्या रेकॉर्डिंगला सहसा काही होत नाही, कारण ती स्वतंत्र फाइल म्हणून साठवलेली असतात आणि ती चालवायला मूळ नोंद लागत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे काहीजण शिळ्या नोंदींना हातच लावायला घाबरतात. ती भीती अनाठायी आहे.

एकदोन चॅनेल हलले असतील तर त्यांच्यापुरती दुरुस्ती करावी. प्रथम चालू असलेले आणि पुढच्या तासाभरातले रेकॉर्डिंग पाहून घ्यावे, कारण शोध सुरू होताच ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जातो. काही रेकॉर्डर अशा वेळी शोध नाकारतात, काही मुकाट्याने रेकॉर्डिंग तोडतात. मेनूत चॅनेल यादी पेन ड्राइव्हवर उतरवण्याची सोय असेल तर ती आधी वापरावी. नसेल तर टायमरच्या पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवला तरी पुरतो. मग प्रसारकाने जाहीर केलेली नवी फ्रिक्वेन्सी, ध्रुवीकरण आणि सिम्बॉल रेट घेऊन मॅन्युअल शोधात केवळ तोच एक ट्रान्सपाँडर शोधावा. दोनचार मिनिटांत नवी नोंद यादीच्या शेवटी येऊन बसते, आणि त्या क्षणी एकाच नावाचे दोन चॅनेल यादीत असतात : वर बाराव्या क्रमांकावर जुना, आणि खाली कुठेतरी आठशेच्या पुढे नवा.

बहुतेकांची गफलत या टप्प्यावर होते. जुनी नोंद आधी पुसून टाकण्याचा मोह होतो, आणि तिच्यासोबत तिचे टायमरही जातात. क्रम उलटा हवा. आधी नव्या नोंदीवर जाऊन पाच मिनिटांचे चाचणी रेकॉर्डिंग करावे आणि ते चालवून पाहावे. थेट चित्र दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. थेट पाहताना चालणारा आवाज रेकॉर्डिंगमध्ये नसणे, किंवा सबटायटल गळणे, असे प्रकार चुकीच्या पीआयडीमुळे होतात आणि ते फाइल चालवल्यावरच कळतात. त्यानंतर एकेक टायमर उघडून त्यातील चॅनेल बदलावे. मालिकेचा टायमर असेल तर तो मार्गदर्शिकेतूनच नव्याने लावलेला बरा, कारण मालिकेची ओळख चॅनेलगणिक बदलू शकते. मग फेव्हरिट गटात नवी नोंद घालावी, हव्या त्या क्रमांकावर हलवावी आणि सर्वांत शेवटी जुनी पुसावी. बाराव्या जागेवरचे चॅनेल बाराव्याच जागेवर राहिले, तर घरातील वडीलधाऱ्या मंडळींना बदल झाल्याचे कळतही नाही. कित्येकजण चॅनेल नावाने नाही, क्रमांकानेच ओळखतात. याचा विचार दुरुस्ती करणारी तरुण मंडळी क्वचितच करतात.

काही यंत्रांत चॅनेलचे क्रमांक प्रसारणातूनच येतात आणि ते हलवता येत नाहीत. तेथे फेव्हरिट गट हाच एक आधार उरतो आणि त्या गटाचाच रोजची यादी म्हणून वापर करावा, असे मी सुचवीन.

'हे सगळे यंत्राने आपोआप का करू नये?' असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. डिजिटल प्रसारणात चित्र आणि आवाजाबरोबर माहितीची कोष्टकेही सतत फिरत असतात. डीव्हीबी या डिजिटल प्रसारणाच्या मानक पद्धतीत चालू ट्रान्सपाँडरवरील सेवांची यादी निदान दर दोन सेकंदांनी आणि संपूर्ण नेटवर्कच्या फ्रिक्वेन्सींची यादी निदान दर दहा सेकंदांनी पुन्हा पाठवावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. म्हणजे कोणते चॅनेल आता कोठे आहे, हे यंत्राच्या कानावर अखंड पडत असते. प्रश्न ते ऐकून यंत्र काय करते, एवढाच आहे. काही रेकॉर्डर काहीच करत नाहीत. काही अति उत्साहाने जे दिसेल ते यादीत भरत जातात, आणि काही महिन्यांत तिच्या शेपटीला कधीच न पाहिले जाणारे, कूटबद्ध किंवा नुसत्या चाचणीसाठी असलेले शेकडो चॅनेल लोंबू लागतात. बंद पडलेले चॅनेल मात्र हीच यंत्रे काढत नाहीत. यादी अशी एकीकडूनच वाढत जाते.

हे अधिक शहाणपणाने करता येते, याचे उदाहरण उपलब्ध आहे. क्लाउस श्मिडिंगर यांनी लिहिलेल्या, लिनक्सवर चालणाऱ्या व्हीडीआर या मुक्त स्रोत रेकॉर्डर प्रोग्राममध्ये चॅनेल यादी किती प्रमाणात आपोआप बदलू द्यायची, हे वापरणाऱ्याने ठरवायचे असते. काहीच बदलू नये, फक्त नावे बदलावीत, फक्त पीआयडी, दोन्ही, नवे चॅनेलही जोडावेत, किंवा नवे ट्रान्सपाँडरही जोडावेत, अशा पायऱ्या तेथे आहेत. प्रसारणाच्या कोष्टकातून नाहीसे झालेले चॅनेल तो परस्पर पुसत नाही. त्याच्या नावावर कालबाह्य असल्याची खूण करतो आणि ठेवायचे की काढायचे हे आपल्यावर सोडतो. टायमर यादीतील क्रमांकाशी न बांधता चॅनेलच्या ओळखक्रमांकाशी बांधलेले असल्यामुळे यादीचा क्रम बदलला तरी ते भरकटत नाहीत. त्याची यादी ही साधी मजकूर फाइल आहे, एका चॅनेलला एक ओळ. कोणत्याही एडिटरमध्ये उघडून दुरुस्त करावी. प्रत्येकाने हाच प्रोग्राम वापरावा असे मला सुचवायचे नाही, तो सर्वांना झेपणाराही नाही. पण जे एका मुक्त प्रोग्रामला जमते ते दुकानात मिळणाऱ्या यंत्रांना जमू नये, याला तांत्रिक कारण नाही.

उत्पादकांकडून माझी अपेक्षा म्हणूनच अगदी मर्यादित आहे. टायमर लावलेल्या प्रत्येक चॅनेलची, रेकॉर्डिंगच्या वेळेआधी काही तास, यंत्राने स्वतःहून एक चाचणी घ्यावी : ट्रान्सपाँडर सापडतो का, त्यावर ती सेवा आहे का, तिचे चित्र-आवाज येतात का. स्टँडबायमध्ये मार्गदर्शिका गोळा करण्यासाठी अनेक रेकॉर्डर रात्री ट्यूनर चालू करतातच. त्याच वेळी हे काम होऊ शकते. चाचणी फसली तर पुढच्या वेळी यंत्र सुरू करताच पडद्यावर तसे स्पष्ट लिहून यावे आणि त्याच नावाचे चॅनेल दुसरीकडे सापडले असेल तर 'टायमर तिकडे हलवू का?' असे विचारावे. न विचारता हलवू नये, कारण एकाच नावाची प्रादेशिक आवृत्ती वेगळी असू शकते आणि बातम्या भलत्याच प्रदेशाच्या रेकॉर्ड होतात.

ज्या ठिकाणी नोंद कितीही दुरुस्त केली तरी उपयोग नसतो, त्याचाही उल्लेख करायला हवा, नाहीतर लोक निष्कारण शोधत बसतात. फ्रान्सने ५ एप्रिल २०१६ रोजी अँटेनावरचे टीव्ही प्रसारण एमपीईजी-२ ही चित्र संकुचित करण्याची जुनी पद्धत सोडून सर्वस्वी एमपीईजी-४ या नव्या पद्धतीवर नेले, आणि केवळ एमपीईजी-२ जाणणारी यंत्रे त्या दिवशी निरुपयोगी झाली. उपग्रहावर डीव्हीबी-एस या जुन्या प्रसारण पद्धतीकडून डीव्हीबी-एस२ या नव्या पद्धतीकडे होणाऱ्या बदलाचेही तसेच आहे. एस२ न जाणणारा ट्यूनर त्या ट्रान्सपाँडरवर तीव्रता दाखवील, पण गुणवत्तेची पट्टी हलणार नाही, मग फ्रिक्वेन्सी कितीही अचूक टाका. चॅनेल हलल्याच्या घोषणेत नवी प्रसारण पद्धत कोणती, हे म्हणूनच सर्वांत आधी वाचावे. आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ती पद्धत नसेल, तर तेथेच थांबावे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. कार्यक्रमांच्या सदरात वेळ आणि कार्यक्रमाचे नाव छापले जाते, पण चॅनेलचे ठिकाण बदलल्याची सूचना प्रसारकाच्या जाहिरातीपलीकडे सहसा कोठे दिसत नाही. ती टीव्हीच्या पडद्यावर सरकत्या पट्टीतून येते आणि जो रेकॉर्डिंगवर विसंबून असतो तो ती पट्टी पाहायला हजर नसतो. या सदराखाली दोन ओळींची जागा काढून त्या आठवड्यात कोणते चॅनेल कोणत्या तारखेला हलणार, जुन्या जागी ते कधीपर्यंत दिसणार, आणि नव्या जागेची फ्रिक्वेन्सी, ध्रुवीकरण, सिम्बॉल रेट व प्रसारण पद्धत काय, एवढे छापता येईल का? जुनी जागा बंद होण्याची तारीख त्यात अवश्य असावी. दोन्ही ठिकाणी प्रसारण सुरू असतानाच्या काळात नवी नोंद घेऊन, चाचणी करून, टायमर हलवता आले, तर एकही कार्यक्रम चुकत नाही. पुरवणीतील सल्ल्याची दुरुस्ती छापताना निदान 'रिसेट करण्यापूर्वी मॅन्युअल शोध करून पाहावा आणि हार्ड डिस्क फॉरमॅट करण्याच्या प्रश्नाला नकार द्यावा' एवढे वाक्य जोडावे, ही विनंती.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक